हुशार मुलांची उपेक्षा

आळेफाट्यापासून जवळच, खोडदच्या परिसरांत, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण आकाशांतील अतिक्षीण संदेश टिपीत असते. त्याच टापूंतील जिल्हा परिषदेच्या शाळेंत बसलेलें एखादें तल्लख मूल टिपण्याची सोय मात्र कोठें आहे?

शिष्यवृत्तीची परीक्षा आहे, नवोदय विद्यालय आहे, हें खरें. परंतु पिंपळे जगताप येथील नवोदयांत सहावीच्या जागा साऱ्या जिल्ह्यास मिळून फार तर ८०. बाकीच्यांनीं काय करावें? धडा पहिल्याच दिवशीं समजला, तरी वर्गाबरोबर तोच घोकीत बसावें! परीक्षा बुद्धि मोजते, ती वाढवीत नाहीं.

बुद्धिमान् मुलांस निराळें शिक्षण लागतें, हें ओळखून आप्पा पेंडसे यांनीं १९६२ सालीं पुण्यांत ज्ञानप्रबोधिनी स्थापिली. तो विचार खेड्यांतील साध्या शाळेपर्यंत अद्याप नीट पोंचलेला नाहीं.

‘मागें पडलेल्यांसच शिक्षक पुरत नाहींत, तेथें हुशारांचे लाड कशाला?’ असें कोणी म्हणेल. त्यांस आमचें उत्तर इतकेंच कीं, सधनाच्या मुलास खासगी शिकवणी मिळते. शेतमजुराच्या मुलीस शाळेवांचून दुसरा आधार नाहीं. ही उपेक्षा गरिबांसच भोंवते.

यास्तव केंद्रशाळेंत आठवड्यांतून एक दिवस गणित, विज्ञान व भाषा यांचा पुढील अभ्यास शिकवावा. निवड केवळ गुणांवर न करतां शिक्षकांच्या निरीक्षणावरही करावी, आणि मुलींच्या जाण्यायेण्याचा खर्च जिल्हा परिषदेनें सोसावा. आरंभ आळेफाट्यापासून व्हावा. पुणें-नाशिक व कल्याण-नगर हे रस्ते येथें मिळत असल्यामुळें चारी बाजूंच्या गांवांस हें ठिकाण सोयीचें आहे. येता जून दवडूं नये.