मालक आहेत का?

मोर्चाचे निमंत्रण द्यायला आपला कार्यकर्ता एखाद्या वस्तीवर जातो. खळ्यात बाई तूर झोडपीत असते. तो विचारतो, "मालक आहेत का?" "तालुक्याला गेलेत," असे उत्तर मिळताच "बरं, पुन्हा येतो" म्हणून गाडी वळवतो. पेरणीपासून काढणीपर्यंत जिने ते पीक उभे केले, तिच्याशी बोलण्यासारखे काही नाही, असा निर्णय त्याने त्या क्षणी घेतलेला असतो. आपण काही निर्णय घेतला याचीच त्याला जाणीव नसते.

शेतकरी म्हणजे पुरुष, हे आपण कधीही न तपासलेले गृहीत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील दर शंभर श्रमिक स्त्रियांपैकी सुमारे ६५ जणी शेतीत राबत होत्या. उलट २०१५-१६ च्या कृषिगणनेत जमीन कसणाऱ्या खातेदारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण जेमतेम १४ टक्के भरले. पासष्टांत भूमिहीन मजूर स्त्रियांची संख्या मोठी आहे हे मान्य केले, तरी ही दरी बुजत नाही. सातबारा ज्याच्या नावे तोच शेतकरी, असे एकदा ठरले की पीककर्ज त्याला, २०१९ पासूनचा सन्मान निधीही त्याच्याच खात्यात, प्रशिक्षणाचे बोलावणेही त्यालाच. मग अधिकारी यादी पुढे करून विचारतो, यात स्त्रिया आहेतच कुठे? गृहीताने आपला पुरावा आपणच तयार केलेला असतो. अन्नसुरक्षेच्या २०१३ च्या कायद्याने शिधापत्रिकेपुरते घरातील ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख केले. चुलीपाशी ती प्रमुख, बांधावर मात्र कोणीच नाही!

याहून जिव्हारी लागणारा प्रश्न हक्कसोडपत्राचा आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा, हे महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मान्य केले. २००५ मध्ये वडील हयात नसले तरी तो हक्क जन्मानेच मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही गावोगाव बहिणी सह्या करून मोकळ्या होतात आणि आपण म्हणतो, "आमच्याकडे बहिणी वाटा मागत नाहीत." तिला एकटीला कोणी विचारले आहे काय? तिला विचारले जाते ते भावाच्या समोर, कागद तयार झाल्यावर, साडीचोळीच्या दिवशी. नकार दिला तर माहेरचा उंबरा कायमचा परका होईल, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. त्या सहीला संमती म्हणणे ही आपली सोय आहे. समतेवर व्याख्याने देणाऱ्या आपल्यापैकी किती जणांच्या कपाटात अशी कागदपत्रे आहेत, हे ज्याचे त्याने पाहावे. मृणालताई गोरे यांचे नाव अभिमानाने घेणाऱ्यांनी तर अवश्य पाहावे.

बहिणींना वाटे दिले तर जमिनीचे तुकडे पडतील, असा युक्तिवाद काही ज्येष्ठ सहकारी करतात. तुकड्यांची चिंता आम्हालाही आहे. परंतु चार भावांनी चार वाटे केले, तेव्हा ही चिंता कोणाच्या तोंडून ऐकल्याचे आम्हाला स्मरत नाही. वर्गीय प्रश्न आधी, हा दुसरा आक्षेप. ज्या खेड्यात शेतीचे निम्मे श्रम कागदावर दिसतच नाहीत, तेथे वर्ग मोजायचा तरी कसा?

महाराष्ट्राच्या रोजगार हमीचा अनुभव येथे आठवावा. १९७७ च्या त्या कायद्याने सातबारा विचारला नाही, मालक कोण हेही विचारले नाही. अंगमेहनतीची तयारी असलेल्या ग्रामीण प्रौढाला काम देऊ केले. त्या कामांवर स्त्रिया फार मोठ्या संख्येने आल्या. त्या काही आकाशातून पडल्या नव्हत्या. त्याच गावांत, त्याच घरांत होत्या. प्रश्न बदलला, म्हणून दिसू लागल्या.

आपल्या सभासद-नोंदणीच्या वहीतही व्यवसायाचा रकाना असतो. पुरुषाच्या नावापुढे आपण "शेती" लिहितो आणि त्याच घरातील, त्याच शेतात राबणाऱ्या स्त्रीच्या नावापुढे, तिला न विचारता, "गृहिणी". येत्या नोंदणीच्या वेळी त्या रकान्यात काय लिहायचे ते तिलाच विचारावे, आणि मालक घरी नसतील अशा वेळी विचारावे.