पदकाआधीची शाळा

नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाडा या आदिवासी वस्तीतून आलेल्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीचे कांस्यपदक पटकावले. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत याच शर्यतीचे रौप्यपदक त्यांनी जिंकले. अनवाणी पायांनीही धावता येते म्हणून धावणे निवडले, असे त्यांनीच सांगितले आहे. या साध्या विधानात दुर्गम भागातील शालेय क्रीडेचे सारे अर्थकारण सामावले आहे. ज्या खेळाला साहित्य लागत नाही, तोच तिथे रुजतो.

चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ यांचे उदाहरण याला पूरक आहे. रोइंगमध्ये २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकपर्यंत पोहोचलेल्या भोकनळ यांच्या हाती वल्हे आले ते शाळेत नव्हे, तर लष्करात गेल्यावर. शाळेच्या वयात त्यांच्यातील गुण कोणाला दिसलेच नाहीत.

शासन खर्च करीत नाही, असे मात्र नाही. प्रश्न तो कोणत्या टप्प्यावर होतो, हा आहे. 'खेलो इंडिया'त निवड झालेल्या एका खेळाडूसाठी वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची तरतूद ठरविण्यात आली. याउलट २०१८ मध्ये आलेल्या 'समग्र शिक्षा' योजनेत संपूर्ण सरकारी माध्यमिक शाळेच्या क्रीडा साहित्यासाठी वर्षाला २५ हजार रुपयांपर्यंतच तरतूद होती. राज्याने २००५ पासून खेळाडूंना नोकऱ्यांत दिलेले ५ टक्के आरक्षणही यश मिळाल्यानंतरच उपयोगी पडते. क्रीडा संकुले उभारली जातात ती तालुक्याच्या ठिकाणी. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरील मुलांना तेथे रोज ये-जा करणे परवडणारे नाही.

यावर उपाय दूर नाही. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे आणि आश्रमशाळांतील मुले शाळेतच राहतात. सकाळ-संध्याकाळच्या सरावासाठी याहून सोयीची व्यवस्था शहरी शाळांनाही लाभत नाही. हवे आहे ते सपाट मैदान, पूर्णवेळ क्रीडाशिक्षक, सराव झेपेल असा आहार आणि स्पर्धेला जाण्याचा प्रवासखर्च. आदिवासी उपयोजनेच्या निधीत यासाठी स्वतंत्र व निश्चित वाटा राखून ठेवला, तर गुणवत्ता केवळ योगायोगाने हाती लागण्याची वेळ येणार नाही.

पदक विजेत्यांचा सत्कार जरूर व्हावा. पण क्रीडा धोरणाचे मोजमाप पदकांवरून नव्हे, तर पाड्यावरील किती मुलांना शाळेतच चेंडू, भाला वा बूट मिळाले, यावरून व्हायला हवे.