पोपट पिंजऱ्यात नको
घराघरांत मिठू म्हणून पाळला जाणारा हिरवा पोपट हा वन्यपक्षी आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणे, विकणे, घरात बाळगणे गुन्हा आहे. तरीही ढोलीतून काढलेली पिल्ले बाजारात येतात, कारण मागणी आपलीच असते. ‘आम्ही त्याला पोटच्या पोरासारखं जपतो’ हे खरे असेलही. पण थव्याने राहणाऱ्या, दूरवर उडणाऱ्या पक्ष्याला डाळ-मिरचीची वाटी पुरत नाही. वर्षानुवर्षे कोंडलेला पोपट एकदम सोडला तर त्याचे जगणे अवघड, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणूनच तो वनविभागाकडे सोपवावा. मुलांना पक्ष्यांचा लळा लावायचा तर पेरू, शेवगा, जास्वंद लावा, सावलीत पाण्याचे पसरट भांडे ठेवा आणि ते रोज धुवा. बुलबुल, शिंजीर आपणहून येतील.