ऑस्की : सल्ले दहा, मार्किंग शीट एक

मिरजेकडच्या एका सिस्टरचा रात्री अकराला फोन आला. इंग्लंडला येऊन सात आठवडे झालेत, ऑस्की पंधरा दिवसांवर आलीय, आणि डोक्याचा नुसता भुगा झालाय. वॉर्डातली सीनियर सांगते सहा स्टेशनं, यूट्यूबवाला सांगतो दहा. हॉस्पिटलची ट्रेनर ड्रेसिंग एका पद्धतीनं शिकवते, पैसे भरून लावलेला ऑनलाइन क्लास दुसऱ्याच. "ताई, ऐकू तरी कुणाचं?"

आधी एक सांगतो, ती सीनियर खोटं बोलत नव्हती. पूर्वी ऑस्कीत सहाच स्टेशनं होती. ऑगस्ट २०२१ पासून दहा झाली : असेसमेंट ते इव्हॅल्युएशनची चार, कौशल्यांची चार आणि न बोलता लिहून सोडवायची दोन. तिचा अनुभव खरा, पण तिच्या काळचा. म्हणून सल्ला देणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा : तुम्ही परीक्षा कधी दिली?

दुसरा प्रश्न : हे कुठं लिहिलंय? एनएमसीच्या परीक्षा केंद्रांच्या वेबसाइटवर तयारीचं साहित्य, नमुना स्टेशनं आणि मार्किंगचे निकष फुकट मिळतात. दोघी दोन गोष्टी सांगत असतील तर वाद घालत बसू नका, निकष उघडून बघा. 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' ही म्हण एरवी ठीक आहे. इथं मात्र ऐकावं जनाचं आणि करावं मार्किंग शीटचं.

कधी कधी दोन्ही सल्ले बरोबर असतात. वॉर्डात आपण हातानं करतो ते तोंडानं बोलत नाही. परीक्षेत काय करतोय, का करतोय हे बोलून दाखवलं तर परीक्षकाला कळतं. गावाकडं ताप फॅरेनहाइटमध्ये लिहायची सवय असेल, पण इथला न्यूज-टू चार्ट सेल्सिअसमध्ये भरायचा. जुनी सवय चुकीची नाही, ती इथल्या कागदावर बसत नाही एवढंच.

तिसरा प्रश्न जरा कडू आहे : या सल्ल्यातून सांगणाऱ्याला काय मिळतं? 'आमच्याकडं आलेलेच प्रश्न आहेत' असं कुणी सांगितलं तर लांब राहा. परीक्षेतला मजकूर फोडणं हा नियमभंग आहे आणि त्याचा फटका क्लासला नाही, तुमच्या रजिस्ट्रेशनला बसतो.

एवढा खल कशासाठी? कारण इथं नुसते मार्क जात नाहीत. एनएचएसमध्ये पिन येईपर्यंत बहुतेक जणी बँड चारच्या पगारावर असतात. व्हिसाच्या नियमाप्रमाणं कामावर रुजू झाल्यापासून बारा आठवड्यांत पहिल्यांदा परीक्षेला बसायचं आणि आठ महिन्यांत पास व्हायचं. पूर्ण परीक्षेची फी ७९४ पौंड आहे. थोडी स्टेशनं राहिली तरी पुन्हा बसायला ३९७ पौंड पडतात. तीन प्रयत्न संपले की सहा महिने थांबावं लागतं. एका चुकीच्या सल्ल्याची किंमत गावाकडच्या कर्जाच्या हप्त्यात मोजली जाते.

म्हणूनच आमचं म्हणणं असं की हा गोंधळ एकट्या नर्सनं निस्तरायचा नाही. ज्यांनी तुम्हाला इथं आणलं, त्यांनी तयारी नीट करून घ्यायला हवी. ऑस्की शिकवणारी एक ठरलेली व्यक्ती, रोटामध्ये लिहिलेला अभ्यासाचा वेळ आणि परत बसावं लागलं तर फी कोण भरणार, या तीन गोष्टी मॅनेजरकडं ईमेलवर मागा. तोंडी आश्वासन रोटा बदलला की विसरलं जातं. ऐकलं नाही तर आरसीएन किंवा युनिसनच्या वॉर्डातल्या प्रतिनिधीला गाठा. भीड धरू नका.

त्या सिस्टरला आम्ही त्या रात्री एवढंच सांगितलं : आज ग्रुप म्यूट कर, निकषांची पानं छापून घे, उद्या ट्रेनरला तीच पानं समोर ठेवून विचार. बाकीचे सल्ले पिन आल्यावर ऐकू.