आधी पन्हा, मग रंग

पलंगाला गुबगुबीत कापडी पाठ घरीच करायची ठरली की सगळे आधी रंग निवडतात. माझं म्हणणं, आधी पन्हा बघा. सोफ्याच्या कापडाचा पन्हा बहुतेक ५४ इंच असतो आणि पाच फुटी पलंग ६० इंच रुंद. त्यात दोन्ही बाजूंना फोमची जाडी आणि मागे मुडपायला तीन-तीन इंच धरले की आकडा सत्तरीवर जातो. म्हणजे कापड उभं लावलं तर जोड येणारच, आणि ती शिवण रोज डोळ्यांत खुपते. त्यापेक्षा दोन मीटर घेऊन आडवं वापरा. पाठीची उंची पन्ह्यात आरामात बसते. फक्त पट्टे किंवा वर चढणारी वेल नको, ती आडवी होईल. (खण फार देखणा दिसतो, पण त्याचा पन्हा अरुंद, तो मधल्या पट्टीपुरता ठेवावा.) फळीला १२ मिमी प्लायवूड पुरतं, कोकणात किंवा ओल धरणाऱ्या भिंतीला मात्र आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लायच घ्यावं. फोम दोन इंची, टेकल्यावर फळी टोचणार नाही इतका घट्ट. आणि टॅकरच्या पिना कोपऱ्यापासून मारू नका: आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक, मग समोरासमोर ताण देत कोपऱ्यांकडे. धागा सरळ राहतो, चुण्या कोपऱ्यांत जमतात आणि तिथे घडी घालून, मागचं जादा कापड कातरून, नीट दाबता येतात.