बोलीचा पुरावा

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या महाविद्यालयांत मराठी शिकवताना एक प्रश्न आम्हांला दरवर्षी विचारला जातो आणि तो साहित्याविषयीचा नसतो. "सर, व्हॅलिडिटीला किती दिवस लागतात?" चोपडा-यावलकडचा तडवी, शिरपूरकडचा पावरा किंवा साक्रीकडचा कोकणा विद्यार्थी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आला की त्याच्या मनात ज्ञानेश्वर, केशवसुत मागे पडतात आणि जात वैधता प्रमाणपत्र तेवढे उरते. त्याला दोष देण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार धुळे जिल्ह्यात जवळजवळ एकतृतीयांश आणि जळगाव जिल्ह्यात सुमारे चौदा टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. या समाजांतील शिकलेल्या तरुणाला नोकरी का मिळत नाही, असे विचारले की 'गुणवत्ता' हा शब्द लगेच पुढे केला जातो. आमचा अनुभव वेगळा आहे. गुणवत्तेची परीक्षा व्हायच्या आधीच त्याला दुसऱ्या दोन परीक्षा द्याव्या लागतात आणि त्या परस्परविरोधी आहेत.

पहिली परीक्षा कागदाची. खोट्या दाखल्यांवर आदिवासींच्या जागा बळकावल्या जात होत्या, हे खरेच आहे. म्हणून १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील खटल्यात पडताळणीची पद्धत घालून दिली आणि महाराष्ट्राचा त्याविषयीचा कायदा २००१ पासून लागू झाला. पडताळणी हवीच, याबद्दल दुमत नाही. परंतु तिच्यात सर्वाधिक मोल १९५० पूर्वीच्या कागदाला आहे. ज्या वनगावात तेव्हा शाळाच नव्हती, तेथील आजोबांचा शाळेचा दाखला नातवाने आणायचा कोठून? रक्ताच्या नातलगाला वैधता मिळालेली असेल तर वाट सोपी होते. पण घराण्यात पहिल्यानेच शिकणाऱ्याजवळ असा नातलग नसतो. त्यातच एखाद्या गुरुजींनी 'पावरा' ऐवजी 'बारेला' लिहून ठेवलेले असले, की मध्य प्रदेशच्या यादीतला शब्द महाराष्ट्राच्या यादीत शोधण्यात उमेद खर्ची पडते.

कागदाने समाधान झाले नाही तर आप्तभाव तपासतात. देव कोणते, लग्नविधी कसे, बोली कोणती? २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी निर्णायक मानू नये असे सांगितले; तरी ती संपलेली नाही. येथे आम्ही मराठीचे अध्यापक अस्वस्थ होतो. कारण ती बोली पुसण्याचे काम आश्रमशाळेपासून महाविद्यालयापर्यंत आम्हीच केले आहे. निबंधात पावरी वा भिलोरी शब्द आला की तांबडी रेघ ओढणारा हात आमचाच. म्हणजे एका दारी बोली येत नाही म्हणून संशय घ्यायचा आणि पुढच्या दारी, मुलाखतीत, बोलीचा हेल ऐकू येतो म्हणून हसायचे. या मुलाने नेमके काय विसरावे आणि काय लक्षात ठेवावे?

दुसरी परीक्षा ही, आणि ती खाजगी नोकरीत अधिक कठोर आहे. तेथे आरक्षण नाही. जळगावच्या डाळमिलांत वा औद्योगिक वसाहतीत काम बहुधा ओळखीने आणि ठेकेदाराकरवी मिळते आणि डोंगरातल्या मुलाची ओळख ठेकेदारापाशीच थांबते. मग पदवीधरही दिवाळीनंतर आईबापांबरोबर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातो आणि भोंगऱ्या बाजाराच्या सुमारास परततो. आमच्या हजेरीपटावर त्या महिन्यांत नुसत्या फुल्या असतात.

सरकारी जागांचे चित्रही फार निराळे नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवैध दाखल्यावर मिळालेल्या नोकरीला संरक्षण नाकारले. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये राज्य शासनाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर घेतले आणि खऱ्या आदिवासींसाठी १२,५०० जागा भरण्याचे ठरवले. ज्यांचे दावे टिकले नाहीत त्यांची सोय आधी झाली. ज्यांच्या जागा गेल्या त्यांची भरती मात्र रखडत गेली. या क्रमातच पुष्कळ काही आले.

शासनाने काय करावे हे सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हांला आमच्यापुरते बोलायचे आहे. वैधतेचा अर्ज अकरावीतच भरून घेणे, नावातल्या नोंदी वेळीच दुरुस्त करून देणे, हे कारकुनी काम आहे असे म्हणून आम्ही ते टाळत आलो. बहिणाबाईंच्या लेवा बोलीवर आम्ही चर्चासत्रे भरवतो, २०१८ पासून आमचे विद्यापीठही त्यांचेच नाव लावते. पण वर्गातल्या पावरी मुलीला तिच्या बोलीत चार वाक्ये बोलायला आम्ही कधी सांगितले नाही. मेलेल्यांच्या बोलीचा गौरव करणे सोपे असते. समोरच्या बाकावरची जिवंत बोली ऐकून घेणे, आणि तिच्यासकट प्रमाण मराठीत निर्भयपणे बोलायला शिकवणे, हे आमचे काम होते. ते आम्ही केले असते तर नोकऱ्या निर्माण झाल्या नसत्या, हे खरे. पण निदान त्या दारांपाशी आमचा विद्यार्थी खाली मान घालून उभा राहिला नसता.