वायतुऱ्याचा उपयोग काय?

पाऊस स्थिरावला की सातारा-बामणोली रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात. कास पठारावरील फुलांचे गालिचे पाहायला आलेल्यांपैकी फार थोड्यांची नजर तिथल्या उथळ डबक्यांकडे जाते. या पाण्यातच दोन फाट्यांचा, ‘वाय’ अक्षरासारखा तुरा घेऊन वायतुरा उभा असतो. नवी प्रजाती म्हणून त्याची नोंद १९८२ मध्ये झाली. शास्त्रीय नावातही सातारा आहे: अपोनोजेटॉन सातारेन्सिस.

वायतुरा प्रदेशनिष्ठ आहे. पश्चिम घाटातील मोजक्या सड्यांपलीकडे तो जगात कुठेही आढळत नाही. जांभ्या कातळावर मातीचा थर जेमतेम असतो. पावसाळ्यात तिथे पाणी साचते, उन्हाळ्यात कातळ तापतो. कोरडे महिने वायतुरा कंदाच्या रूपात जमिनीखाली काढतो. त्यामुळे ‘फूल तोडले नाही, म्हणजे नुकसान केले नाही’ हा समज चुकीचा आहे. डबके बुजले किंवा ओल्या मातीवरून चाक गेले, तरी कंद संपू शकतो.

२०१२ मध्ये कासचा जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला आणि गर्दी वाढली. ती आवरण्यासाठी घातलेल्या कुंपणाने गुरांचे चरणेही थांबले. त्यामुळे गवत माजून फुले झाकोळतात, असा आक्षेप आला आणि पुढे कुंपण काढण्याचा निर्णय झाला. औषधाप्रमाणे संरक्षणाचीही मात्रा लागते, ती अशी. सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्याला लागून असलेल्या चांदोलीच्या जंगलातील सड्यांना राष्ट्रीय उद्यानाचे कवच आहे. कासला मात्र बराचसा भरवसा पर्यटकांच्या शिस्तीवरच ठेवावा लागतो.

‘याचा औषधी उपयोग काय?’ हा प्रश्न हमखास येतो. याच सह्याद्रीतील नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन सापडते. त्यापासून तयार केलेली औषधे अंडाशय आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरली जातात. पण उपयोग कळताच नरक्याची बेसुमार तोड आणि तस्करी झाली. म्हणजे उपयुक्तता जिवावरही बेतते. वायतुरा जपायला औषधी गुणाची अट नको. शिवाय सातारा शहराला पाणी देणारा कास तलाव याच परिसरात आहे. पठार निरोगी राहणे शहराच्याही हिताचे आहे.

पायवाट सोडू नये, डबक्यात उतरू नये, कंद उकरू नये. पथ्य इतकेच आहे. ते मोडले, तर वायतुरा आणायला दुसरे ठिकाण जवळजवळ नाहीच.